रुग्णसुरक्षा एकत्र शिकवा: वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री यांस,
स.न.वि.वि.

औषधांच्या चुका अनेकदा काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना घडतात. वेगवेगळ्या आरोग्यशाखांचे आपले विद्यार्थी मात्र वेगवेगळ्या इमारतींत शिकतात आणि पहिल्यांदा भेटतात ते थेट वॉर्डात, रुग्णाच्या खाटेपाशी.

इन्सुलिनचेच घ्या. 'युनिट' असे पूर्ण न लिहिता आकड्याला चिकटून इंग्रजी 'यू' काढला, की तो शून्यासारखा दिसतो. 4 चे 40 होतात. त्यातच 100 युनिट प्रति मिलिलिटरची बाटली आणि 40 युनिट प्रति मिलिलिटरच्या खुणांची सिरिंज अशी गाठ पडली, तर डोस अडीचपट होतो. लिहिणाऱ्याला भरणाऱ्याची अडचण ठाऊक नसते. भरणाऱ्याला शंका येते, पण 'सर, हे 40 च का?' असे विचारण्याचा सराव त्याच्याकडून कुणी करून घेतलेला नसतो.

तो करून घ्यायला भारी उपकरणे लागत नाहीत. वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी आणि फिजिओथेरपीचे मिळून सहा ते आठ विद्यार्थी, एक कोरा ड्रग चार्ट (रुग्णाच्या औषधांच्या नोंदीचा तक्ता), रिकाम्या बाटल्या, दोन्ही प्रकारच्या सिरिंज. भूमिका उलट करा: ऑर्डर नर्सिंगच्या विद्यार्थिनीने लिहावी, डोस भावी डॉक्टरने भरावा. मग फोनवरची ऑर्डर. ऐकणाऱ्याने ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि आकडे सुटे उच्चारायचे: 'एक-पाच', कारण फोनवर 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत गल्लत होते. प्रसंग दहा मिनिटांचा, चर्चा वीस मिनिटांची. चर्चा आटोपती घेतली तर हाती काही लागत नाही. 'चूक कोणाची' हा प्रश्न तिथे नको, 'चूक इतकी सोपी कशामुळे झाली' हा हवा. दोष शोधत बसलो की पुढची चूक लपवली जाते.

हे कुठे फसते, तेही सांगतो. दोनशे जणांना सभागृहात बसवून स्लाइड दाखवल्या, तर ते एकत्र बसणे होते, एकत्र शिकणे नव्हे. एकाच शाखेचे शिक्षक असले, की बाकीचे विद्यार्थी गप्प राहतात. म्हणून प्रत्येक गटाला दोन शाखांचे दोन शिक्षक हवेत. वॉर्डात पाऊल टाकण्याआधी शिकवले तर ते पोकळ वाटते.

अभ्याससाहित्य नव्याने लिहायचीही गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्येच दंतवैद्यक, वैद्यक, प्रसूतिसेवा, नर्सिंग आणि फार्मसी या शाखांसाठी मिळून 11 विषयांची मार्गदर्शिका काढली आहे. अडते ते वेळापत्रकावर, कारण प्रत्येक शाखेच्या परीक्षा आणि पोस्टिंग (वॉर्डातल्या नेमणुका) वेगळ्या असतात. ही अडचण एकट्या प्राचार्यांच्या हातातली नाही. तिथे आपला आदेश लागेल.

आमची मागणी: सर्व शाखांना पंधरवड्यातून एक सामायिक अर्धा दिवस राखून द्यावा, प्रात्यक्षिक परीक्षेत या कौशल्यांचे एक संयुक्त स्टेशन (कौशल्य करून दाखवायचा टप्पा) ठेवावे आणि त्याचे गुण प्रत्येक शाखेच्या निकालात धरावेत. गुण नसतील, तर अंतिम परीक्षा जवळ येताच हा अर्धा दिवस सर्वांत आधी रद्द होईल.

आपले,
आरोग्यविज्ञान शाखांतील शिक्षक