शनिवारचा एक तास गोष्टीला द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना
सप्रेम नमस्कार.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा शनिवारी वेगवेगळे उपक्रम घ्यायचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा मी शाळेमागच्या मोहल्ल्यातल्या एका आजींना चौथीच्या वर्गात गोष्ट सांगायला बोलावलं. त्यांनी यूसुफची गोष्ट घेतली. भावांनी मत्सरापोटी त्याला विहिरीत टाकलं. मग वाटेनं व्यापाऱ्यांचा तांडा आला आणि एकानं पाण्यासाठी पोहरा सोडला. आजी दोन्ही हातांनी दोर ओढत होत्या, पदर घसरत होता. "पाणी नाय, पोरगा आला वर!" म्हणाल्या तेव्हा पुढच्या रांगेतली मुलं उठून उभीच राहिली.

एका मुलीनं विचारलं, "त्याला भावांची आठवण यायची?"

आजी जरा थांबल्या. "यायची ना गो. म्हणून तर शेवटी माफ केलंन."

पुढच्या शनिवारी ती मुलगी स्वतःच्या आजीला घेऊन आली. वसुदेवानं बाळकृष्णाला टोपलीतून यमुनेपार नेल्याची गोष्ट चालली होती. ऐकायला बसलेल्या मोहल्ल्यातल्या आजी मध्येच म्हणाल्या, "आमच्या मूसाला पण आईनं पेटीत घालून नदीत सोडलेला." मग दोघी एकमेकींनाच विचारत सुटल्या: राजा कोण, पोर वाढलं कुणाच्या घरी, आईचं काय झालं? वर्ग चिडीचूप ऐकत होता.

पुढे एका पालकांची तक्रार गेली. वरून तोंडी निरोप आला, "हे नको, उगाच वाद होतील." लेखी काहीच नाही, त्यामुळे उत्तर कुणाला द्यायचं तेही कळेना. गोष्टींचा तास बंद पडला.

साहेब, मला त्या पालकांचा राग नाही. त्यांनाही वर्गात येऊन बसायला सांगितलं असतं, तर बरं झालं असतं. पण वाद होईल म्हणून गोष्टच नको, हे आपल्या मातीत बसत नाही. एकनाथांच्या भारुडात हिंदू आणि तुर्क, म्हणजे मुसलमान, एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढतात, आणि त्या भांडणातूनच समेटापर्यंत पोहोचतात. नाथांनी वाद लपवला नाही, तो सगळ्या गावासमोर मांडला. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद तर 'शेख महंमद अविंध (म्हणजे मुसलमान), त्याचे हृदयी गोविंद' असं उघड म्हणून गेले.

आणि आमच्या जिल्ह्याचंच सांगते. इथले बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी अब्राहाम आणि मोशे यांच्या कथा चक्क मराठी कीर्तनातून सांगितल्या. शेजाऱ्यांच्या देवळात चालणारा कीर्तनाचा घाट उचलला आणि आपली गोष्ट त्यात घातली. आजींचा मूसा तो हाच मोशे! त्यातली बहुतेक कुटुंबं पुढे इस्रायलला गेली. आज आमच्या वर्गातल्या एकाही मुलाला हे ठाऊक नाही.

सर्वधर्मसमभाव म्हणून आम्ही शाळेत काय करतो, तर चार मुलांना चार वेष चढवून रांगेत उभं करतो आणि फोटो काढतो. त्यात कुणी कुणाचं काहीच ऐकत नाही. शेजाऱ्याच्या घरात रात्री दिवा मालवताना काय सांगतात, ते त्या घरातल्या माणसाच्या तोंडून ऐकायला हवं. शिक्षकानं पुस्तकातून वाचून दाखवलं तर त्याचा पुन्हा धडा होतो.

म्हणून माझं मागणं एका परिपत्रकाचं आहे. महिन्यातल्या एका शनिवारी, एक तास, गावातल्या वेगवेगळ्या समाजांतल्या आजी-आजोबांनी आपल्या घरची गोष्ट सांगावी. उपदेश नको, धर्मप्रचार नको, फक्त गोष्ट. मागच्या बाकावर पालकांना मुभा असावी. येणाऱ्यांना जाण्यायेण्याचा खर्च मिळावा, कारण यातले बरेच जण हातावर पोट असलेले आहेत. आणि तक्रार आली तर ती लेखी घ्यावी, उत्तरही लेखी द्यावं, म्हणजे शिक्षक एकटा पडणार नाही.

मोहल्ल्यातल्या आजी बाजारात भेटतात. मूसाची गोष्ट अर्धीच राहिली, म्हणतात. परवाही विचारलं, "बाई, कधी येऊ?" शाळा जूनमध्ये उघडतील. मी त्यांना काय सांगू?

आपली,
रायगड जिल्ह्यातील एक प्राथमिक शिक्षिका