सूचना : रविवारी जॉयस्टिक आणणाऱ्यांसाठी

सर्व सभासदांना नमस्कार. जुन्या कॉम्प्युटर-कन्सोलच्या सदाशिव पेठेतल्या रविवारच्या बैठकीला जॉयस्टिक आणणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा : नऊ पिनांचा प्लग बसला म्हणजे वायरिंग जुळलं असं नव्हे.

अटारी २६०० (गेम कन्सोल) आणि कमोडोर ६४ (घरगुती कॉम्प्युटर) यांचं मूळ वायरिंग एकच. पिन १ ते ४ वर दिशा, ६ वर फायर, ७ वर ५ व्होल्ट, ८ ग्राउंड. सेगा मेगा ड्राइव्ह या कन्सोलच्या पॅडला मात्र ५ व्होल्ट पाचव्या पिनवर लागतात, सातवी सिलेक्ट सिग्नलची. तो थेट कमोडोरला कृपया लावू नका, आतल्या सीआयए (जॉयस्टिक-कीबोर्ड वाचणाऱ्या) चिपला धोका पोहोचतो. स्पेक्ट्रम प्लस टू या कॉम्प्युटरची जोडणी तर पूर्ण वेगळी, तिथे अ‍ॅडॅप्टर हवाच.

कमोडोरच्या पोर्ट १ मध्ये दांडी हलवली की स्क्रीनवर अक्षरं उमटतात. हा बिघाड नाही, त्या पोर्टच्या लाइन कीबोर्डशी सामायिक आहेत. बहुतेक गेम पोर्ट २ वरच चालतात.

वायरच्या रंगांवर विसंबू नका, ते कंपनीगणिक बदलतात. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असली की बीप देणाऱ्या मोडवर) लावा : दांडी वर ढकलल्यावर १ आणि ८ मध्ये बीप आला पाहिजे. कनेक्टर तपकीर गल्लीतून आणा, सोल्डरिंग बैठकीतच करू. प्लग लावताना-काढताना मशीन बंद हवं.