पौंडाचे कौतुक पुरे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड शहरावरचा लेख वाचला. तिथले महापौर ब्रॉडबेंट यांनी शहराच्या लाँगवुड भागातले बाळ वर्षाचे झाले की एक पौंड देऊ केला, हे लेखकाने रंगवून सांगितले आहे. उत्तम. पण पौंड मिळायचा वर्ष भरल्यावर आणि बरीच बाळे दगावायची पहिल्या काही आठवड्यांत. मधल्या काळात काय केले, यावर अख्ख्या पानात एक ओळ नाही.

इंग्लंडात जन्मनोंदीला 42 दिवसांची मुदत होती. निबंधकाच्या वहीत नाव चढेपर्यंत कित्येक बाळे गेलेली असत; मग सल्ला द्यायचा कोणाला? म्हणून हडर्सफील्डने नोंदीची वाट न पाहता 48 तासांत आरोग्य अधिकाऱ्याला कळवायची पद्धत पाडली. सुरुवातीला खबर देणाऱ्याला एक शिलिंग, पुढे 1906 मध्ये शहरापुरत्या कायद्याने सक्ती. खबर आली की स्त्री-डॉक्टर बाळंतिणीच्या घरी जायच्या. 1907 च्या देशाच्या कायद्याने मुदत 36 तासांवर आणली. घरात राहणारा बाप आणि प्रसूतीच्या वेळी किंवा नंतरच्या 6 तासांत हजर असलेली सुईण वा डॉक्टर, दोघांवरही जबाबदारी. चुकल्यास 20 शिलिंगपर्यंत दंड. पत्ता घातलेली, तिकीट लावलेली पोस्टकार्डे डॉक्टर-सुइणींना फुकट पुरवायची. 28 आठवड्यांनंतर मृत जन्मलेले बाळही कळवायचे. मात्र हा कायदा स्वीकारणे तिथल्या नगरपालिकांच्या मर्जीवर होते, सक्ती 1915 ची. ‘1907 पासून देशभर सक्ती’ हे लेखकाने कुठून आणले?

आणि ते छायाचित्र! काचेची चपटी बाटली, तिला लांब रबरी नळी, खाली ओळ : ‘बाळांसाठी तेव्हाची सोय’. अहो, याच बाटलीविरुद्ध त्या घरी जाणाऱ्या बायका दारोदार सांगत फिरत होत्या. बाळाला बाटलीसकट पाळण्यात टाकून आई कामाला लागू शके, सोय एवढीच. नळीत ब्रश जात नाही, आत दुधाचा थर बसतो, तो उन्हाळ्यात आंबतो आणि बाळाला हगवण लागते. बाटली नुसती उकळून भागत नाही, कारण घाण नळीत असते. फ्रान्सने 1910 मध्ये या नळीवर बंदीच घातली. सल्ला साधा होता : अंगावर पाजा, नाहीच जमले तर बिननळीची, दोन्ही तोंडे उघडी असलेली, आतून हात फिरेल अशी बाटली घ्या, अफू घातलेली गुटी देऊ नका.

जाता जाता, लेखात गडचिरोलीचे नावही नाही, याचे नवल वाटते. घरी जाऊन नवजात बाळ तपासायचे काम बंग दांपत्याने तिथे उभे केले. आज दवाखान्यात बाळंतपण झाले तरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जाते. पण हडर्सफील्डचा पौंड जास्त देखणा, नाही का?

छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती पुढच्या रविवारी, त्याच पानावर आणि तेवढ्याच टायपात छापावी.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, सातारा