निकिता हे पुरुषाचंही नाव आहे

मा. संपादक,
परवा तुमच्या पुरवणीत नावांच्या सदरात निकिता फक्त मुलींचं नाव म्हणून दिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. रशियात ते पुरुषाचं नाव आहे, 1955 साली भारतात येऊन गेलेले सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह आठवा की! मूळ ग्रीक, निकेतास, म्हणजे विजयी. गंमत व्याकरणात आहे, नाव आ-कारांत म्हणून रशियनमध्ये ते स्त्रीलिंगी शब्दासारखं चालतं, 'निकिताला पाहिलं' म्हणताना 'निकितू' होतं, पण 'निकिता आला' म्हणताना क्रियापद पुल्लिंगीच, प्रिशोल (आला), प्रिश्ला (आली) नाही. आपल्याकडे दादा, काका आ-कारांत असून पुरुषच ना? पुढच्या अंकात प्लीज दुरुस्ती छापा.
– एक वाचक, ठाणे