उन्हाळी सजावट : आधी सावली, मग शोभा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत घर सजवण्याचे आणि थंड पेयांचे लेख येऊ लागतात, आणि त्यात आपली पुरवणीही मागे नसते. हे लेख मी आवडीने वाचते. बाहेरगावी जाणे प्रत्येकाला परवडत नाही, आणि परवडले तरी प्रत्येकाला ते हवेसे वाटतेच असे नाही. घरीच चार माणसे बोलावून, घर थोडे नटवून सुट्टी साजरी करण्यात कमीपणा नाही, हे या लेखांनी पुष्कळांच्या मनावर ठसवले आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या लेखांतली सजावट छायाचित्रासाठी केलेली असते. त्या खोलीत भर दुपारी दहा माणसे बसणार आहेत, बर्फ वितळणार आहे, मुले धावणार आहेत आणि कोणीतरी एकटीच स्वयंपाकघर ते बैठकीची खोली अशा खेपा घालणार आहे, याचा त्या चित्रांत मागमूसही नसतो. उन्हाळ्यातल्या सजावटीची पहिली कसोटी ती खोली किती सुसह्य राहते ही असली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ती दिसते कशी, हा प्रश्न त्यानंतरचा.

खिडकीला झुळझुळीत पडदा लावण्याचा सल्ला बहुतेक लेखांत असतो. पण ऊन काचेतून आत आल्यावर ते पडद्याने अडवले, तर तापलेला पडदा आपली बरीचशी उष्णता खोलीतच सोडतो. तेच ऊन बांबूच्या काड्यांच्या चिकाने, जाड कापडाच्या आडोशाने किंवा जाळीवर चढवलेल्या वेलीने काचेच्या बाहेर अडवले, तर ती उष्णता घरात शिरतच नाही. त्यामुळे सजवणाऱ्याची नजर आधी खिडकीबाहेर जायला हवी. त्यातही पश्चिमेच्या खिडकीचा वेगळा विचार करावा लागतो, कारण दुपार कलल्यावर सूर्य खाली आलेला असतो आणि डोक्यावरचे ऊन अडवणारा आडवा छज्जा तिथे निरुपयोगी ठरतो. तिथे उभा आडोसाच लागतो. पाहुणे बहुधा संध्याकाळी येतात आणि घरातली सर्वांत तापलेली भिंत नेमकी तीच असते, हे लक्षात घेतले तर बैठक कुठे मांडायची याचा निम्मा निर्णय आपोआप होतो.

ओल्या कापडाचा उपायही सरसकट सुचवला जातो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते भोवतालची सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेते, म्हणून कोरड्या हवेत दाराला लावलेला ओला पडदा खोली खरोखर थंड करतो. दमट हवेत मात्र ते पाणी फारसे उडत नाही, आणि चिकचिक तेवढी वाढते. आपल्या वाचकांत दोन्ही प्रकारच्या हवेत राहणारे लोक आहेत; हा उपाय कोणासाठी आहे, हे लेखकाने एका वाक्यात सांगायला काय हरकत आहे? पंख्याबद्दलही असाच गैरसमज दिसतो. पंखा हवा थंड करत नाही, तो अंगावरचा घाम वाळवतो. माणसे नसलेल्या खोलीत आधीपासून पंखा फिरवत ठेवून ती खोली गार होत नाही.

मेणबत्त्यांच्या रांगा हा तर या लेखांचा जणू नियमच झाला आहे. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडत असते. दहा पाहुणे जमले की खोलीत एक मध्यम हीटर चालू केल्यासारखेच होते, आणि त्यावर आपण ज्योतींची भर घालतो. जुन्या तारेच्या बल्बचेही तेच आहे; त्यांना दिलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत जाते. एलईडीच्या माळा तेवढाच उजेड फार कमी विजेत देतात, म्हणून उन्हाळ्यात त्याच लावाव्यात. मात्र घरात वापरायची माळ गच्चीवर किंवा अंगणात टांगू नये. माळेच्या खोक्यावर ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन अंक असतात आणि त्यांतला दुसरा अंक पाण्यापासून किती संरक्षण आहे ते सांगतो. तो शून्य असेल तर ती माळ ओल्या जागेसाठी नाही, हे उघड आहे. एका विस्तार फळीत दुसरी आणि दुसरीत तिसरी खोचून माळा लांबवू नयेत, आणि ज्या मेजावर बर्फ व पाणी ठेवायचे त्याच्याखालून तर वीज मुळीच नेऊ नये.

फुलांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सजावटीत सर्वांत जास्त हौस तिथेच केली जाते आणि सर्वांत लवकर विरसही तिथेच होतो. देठ तिरका छाटावा, पाण्यात बुडतील अशी पाने काढून टाकावीत आणि पाणी रोज बदलावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. फळांच्या टोपलीशेजारी फुलदाणी ठेवू नये, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. पिकणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्या वायूने पुष्कळ जातींची फुले लवकर मान टाकतात. आपल्या पुरवणीतल्या एका मोठ्या चित्रात पिकल्या फळांच्या राशीत फुले खोवलेली होती. चित्र देखणे होते यात शंका नाही, पण ते घरी करून पाहणाऱ्याची फुले उष्ण खोलीत फार काळ टिकणार नाहीत. पेल्यांत फुले तरंगवण्याची टूम त्याहून धोक्याची आहे. कण्हेरीचे झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी असते, आणि ती फुले दिसायला फार नाजूक असतात. फुलवाल्याकडची निरुपद्रवी जातीची फुलेसुद्धा खाण्यासाठी पिकवलेली नसल्याने त्यांवर कीटकनाशके फवारलेली असू शकतात. पेल्यात घालायचे फूल खाण्यायोग्य म्हणूनच वाढवलेले असावे. ते मिळत नसेल तर पुदिन्याचे पान पुरे. घरात मांजर असेल तर लिलीची फुले घरातच आणू नयेत, कारण तिचे परागकण चाटल्यानेसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

आता पेयांकडे वळते. बर्फ पेय थंड करतो तो मुख्यतः वितळून; एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. म्हणजे कोमट पेयात बर्फ टाकला की ते पातळ होणारच, त्याला इलाज नाही. पेय आधीच थंड करून ठेवावे आणि बर्फाचे खडे मोठे घ्यावेत, हाच खरा मार्ग. खड्याची बाजू दुप्पट केली की त्याचे आकारमान आठपट होते, पण पृष्ठभाग चौपटच वाढतो, त्यामुळे मोठा खडा त्या मानाने सावकाश वितळतो. बाटल्या घाईने थंड करायच्या असतील तर त्या नुसत्या बर्फात खुपसू नयेत. बादलीत बर्फाबरोबर पाणी आणि मूठभर मीठ घालावे. पाणी बाटलीला सगळीकडून भिडते आणि मिठामुळे ते शून्य अंशाच्याही खाली जाऊ शकते, त्यामुळे शीतकपाटात ज्याला तास-दोन तास लागतात ते काम पंधरा-वीस मिनिटांत होते. त्या बादलीतला बर्फ मग पेल्यात घालू नये, हे वेगळे सांगायला नको.

हॉटेलांत दिसतो तसा काचेसारखा नितळ बर्फ घरी होत नाही, अशी समजूत आहे, पण तो होतो. वरून उघडा आणि बाकी सर्व बाजूंनी जाड थर्माकोलचा असा लहान डबा घ्यावा, त्यात पाणी भरून तो तसाच शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. थंडी फक्त वरून लागत असल्याने पाणी वरून खाली गोठत जाते आणि आतली हवा व क्षार तळाकडे ढकलले जातात. तळ पूर्ण गोठण्याआधी लादी बाहेर काढली, अंमळ थांबून दातेरी सुरीने तिच्यावर रेघ ओढली आणि हलका ठोका दिला, की ती सरळ तडकते. मेजावरच्या कोणत्याही शोभिवंत वस्तूपेक्षा मला तो बर्फ अधिक आवडतो, आणि त्याला खर्च काहीच नाही. पाणी मात्र पिण्याचेच घ्यावे. गोठल्याने जंतू मरतात हा समज चुकीचा आहे. बर्फाच्या भांड्यात हात न घालता चिमटा ठेवावा तो याचसाठी.

गोडीच्या बाबतीत जीभ फसवते. पेय थंडगार असले की गोडवा कमी जाणवतो, म्हणून थंड पेयांत साखर सढळ हाताने पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ती ५ टक्क्यांहून कमी, म्हणजे मोठ्या माणसासाठी सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक बरे. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते. माझी सूचना अशी, की मेजाच्या मधोमध रंगीत पेय न ठेवता साध्या पाण्याचा मोठा घडा किंवा काचेचे भांडे ठेवावे आणि सगळी कलाकुसर त्यालाच करावी. लिंबाच्या चकत्या, काकडीचे काप, पाने गोठवलेला बर्फ घालून पाणी नटवले की मुले आपणहून तिकडे वळतात. सोड्याची बाटली उन्हात ठेवू नये, कारण ० अंशाला पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड मावतो त्याच्या निम्माही २५ अंशाला मावत नाही. झाकण उघडताच तो निसटतो आणि पेय मिळमिळीत होते.

मद्याबद्दल लेखांत नुसती चित्रे असतात, शब्द नसतात. मद्य शरीरातले पाणी राखणाऱ्या संप्रेरकाला आवर घालते, लघवी वाढते, आणि उन्हात आधीच घामाने सुकलेल्या माणसाचे पाणी आणखी घटते. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. ज्यांना ते द्यायचे त्यांनी ते द्यावे. पण फळांचे तुकडे घातलेले मद्य आणि तसेच दिसणारे मुलांचे सरबत एकाच प्रकारच्या भांड्यांत शेजारीशेजारी मांडण्याची जी पद्धत चित्रांत दिसते, ती बेजबाबदार आहे. भांडी वेगळी असावीत, उंचीवर असावीत आणि त्यांवर चिठ्ठ्या असाव्यात. धूर निघावा म्हणून पेयात कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, टाकण्याचेही तसेच. तो उणे ७८ अंशांचा असतो, पोटात गेला तर आतून भाजतो आणि बंद खोलीत त्याचा वायू साठत जातो. घरगुती समारंभात त्याचे काहीही काम नाही.

आंबट पेये तांब्या-पितळेच्या, कल्हई नसलेल्या भांड्यांत ठेवू नयेत, कारण आम्लाने धातू पेयात उतरतो. दूध घातलेली पेये आणि चिरलेली फळे फार वेळ बाहेर राहू देऊ नयेत. अमेरिकी कृषी खात्याच्या सूचनेनुसार ही मर्यादा एरवी दोन तासांची, आणि तापमान ३२ अंशांवर असेल तर एकाच तासाची आहे. त्यामुळे सगळे एकदम मांडून ठेवण्यापेक्षा थोडे थोडे बाहेर आणावे. सरबताचा घट्ट अर्क आदल्या रात्रीच करून ठेवला आणि पाहुण्यांनी आपापले पेले स्वतः भरायचे ठरवले, तर घरच्या बाईलाही सगळ्यांबरोबर बसायला मिळते. ती तासन्‌तास ओट्यापाशी उभी असेल तर तो समारंभ बाकीच्यांचा झाला, तिचा नाही. आणि हे मी कोणत्याही सजावटीपेक्षा महत्त्वाचे मानते.

शेवटी, जी गोष्ट मी आजवर कोणत्याही पुरवणीत वाचलेली नाही, ती सांगते. लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत असे काही घटक असतात की ते त्वचेवर राहिले आणि त्यावर ऊन पडले तर त्वचा भाजते. उन्हात बसून लिंबे पिळणाऱ्यांच्या हातांवर एक-दोन दिवसांनी लाल चट्टे, क्वचित फोड उठतात आणि पुढे काळसर डाग कित्येक आठवडे राहतात. रस ओघळला असेल त्याच आकाराचे ते डाग असतात, पण ते उशिरा उठत असल्याने कशाचे आहेत ते घरच्यांना कळत नाही. लिंबे आत सावलीत पिळावीत आणि बाहेर जाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, एवढेच करायचे आहे. आपण यंदाच्या पुरवणीत सरबतांच्या कृती छापणारच असाल, तर निदान ही सूचना त्या कृतींखाली जरूर छापावी. तिला दोन ओळींहून अधिक जागा लागणार नाही.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक