ऱ्हायडॉल नदीकाठून

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की तुझ्या गावाला नदी कुठली, आणि मी घाईत "आहे एक छोटी" म्हणून विषय संपवला, तेव्हापासून चुकल्यासारखं वाटतंय, कारण कृष्णा-कोयनेच्या संगमावर वाढलेल्या माणसाला असं उत्तर देतात का! तर नीट सांगते. नदीचं नाव ऱ्हायडॉल. इंग्रजीत लिहिताना ते जमत नाही, पण आपल्या 'ऱ्हस्व'मधला ऱ्ह फिट्ट बसतो. नावाला शोभेल अशी ऱ्हस्वच आहे, उगमापासून समुद्रापर्यंत जेमतेम तीस किलोमीटर.

गंमत म्हणजे वेल्समधल्या या माझ्या गावाचं नाव ॲबरिस्टविथ, म्हणजे इस्टविथ नदीचं मुख. पण गावाला लागून वाहते ऱ्हायडॉल! इस्टविथ बिचारी दक्षिणेकडून येऊन बंदरापाशी भेटते. असं सांगतात की पहिला किल्ला इस्टविथच्या बाजूला होता, १२७७ मध्ये इंग्रज राजा पहिल्या एडवर्डने आत्ताच्या जागी नवीन बांधायला घेतला, आणि नाव तेच राहिलं.

उगम पिमलिमॉन नावाच्या डोंगरावर. उंची फक्त ७५२ मीटर, आपलं महाबळेश्वर जवळपास दुप्पट, पण आई, तुला पटेल, हे इथलं महाबळेश्वरच, कारण सेव्हर्न आणि वाय या मोठ्या नद्याही याच डोंगरातून निघतात. लोककथेत या तिघी बहिणी, समुद्राला भेटायला निघाल्या, दोघी लांबलांब फिरत गेल्या आणि ऱ्हायडॉल सरळ पश्चिमेला उतरून मोकळी. आपली सावित्री नाही का तशीच, कृष्णा पार बंगालच्या उपसागरापर्यंत गेली आणि ही कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळाली.

वर नान्त-इ-मोख नावाचं धरण आहे, अर्थ डुकरांचा ओढा (हसू नका). १९६४ मध्ये वीजप्रकल्प सुरू झाला, तिथली छोटी वस्ती आणि चॅपेल पाण्याखाली गेलं. मी धरणाच्या कडेला उभी होते तेव्हा आजीची फार आठवण आली, कोयनेच्या पाण्यात गेलेलं तिचं माहेर ती कसं हाताने दाखवायची, "तिथं पिंपळ होता" म्हणून, आणि आम्हाला नुसतं पाणी दिसायचं.

खाली खोऱ्यात शिसं आणि जस्ताच्या जुन्या खाणी आहेत. केव्हाच्या बंद पडल्यात, तरी आतून झिरपणाऱ्या पाण्याने अजून दगड नारिंगी होतात. आपल्या गेरूसारखा रंग, दिसायला सुंदर, पण माशांना वाईट. १९२० च्या दशकात इथल्याच विद्यापीठातल्या कॅथलीन कार्पेंटर नावाच्या बाईंनी शिशाच्या खाणींमुळे इथल्या नद्यांमधल्या जीवांचं काय होतं याचा अभ्यास केला होता, तेव्हा कोण बाई गमबूट घालून ओढ्यात उतरत असेल सांगा!

आणि बाबा, तुमच्यासाठी खास म्हणजे वाफेच्या इंजिनाची रेल्वे. १९०२ ची, माथेरानसारखी छोट्या रुळांची, पावणेबारा मैल, नदीच्या खोऱ्याच्या कडेकडेने चढत डेव्हिल्स ब्रिजला पोचते. तिथे मायनाख नावाचा ओढा धबधब्यातून ऱ्हायडॉलला मिळतो, त्यावर एकावर एक तीन पूल आहेत, सर्वात खालचा मध्ययुगातला, मधला १७५३ चा, वरचा १९०१ चा. नवा बांधताना जुना पाडायचा नाही, वरून दुसरा घालायचा! गोष्ट अशी की म्हातारीची गाय पलीकडे अडकली, सैतान म्हणाला पूल बांधतो पण पहिला जो ओलांडेल तो माझा, म्हातारीने भाकरीचा, म्हणजे पावाचा तुकडा पलीकडे फेकला आणि कुत्रा धावला, सैतानाच्या पदरात कुत्रा. वेल्श नावात मात्र सैतान नाहीच, तिथे मायनाख आहे, म्हणजे मठवासी साधू.

बाबा, गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर? गाडीने गेलो तर चालणं फार नाही, पण धबधब्याखाली उतरायला पायऱ्या खूप आहेत, तिथे आई आणि मी जाऊ, तुम्ही वर चहा घेत बसा. मे महिन्याची तिकिटं बघते. स्वेटर दोन-दोन आणा, मे आहे म्हणून फसू नका.

तुमची,
ताई