चाकाआधी भट्टी शिका

'नोकरी सोडून मातीकडे' हा रविवार पुरवणीतील लेख वाचला. चाळिशी-पन्नाशीनंतरही सिरॅमिक कलाकार होता येते, हे त्यातील म्हणणे योग्यच आहे. पुदुच्चेरीत १९७१ मध्ये डेबोरा स्मिथ यांच्यासह गोल्डन ब्रिज पॉटरी ही कुंभारकामाची कार्यशाळा सुरू करणारे रे मीकर हेही आधी वास्तुकलेचे विद्यार्थी होते. मात्र लेखात सारा भर भांडी घडवण्याच्या चाकावर आहे. ती भाजण्याच्या भट्टीला जेमतेम एक ओळ मिळाली आहे. पैसा बुडतो तो भट्टीतच.

भांडे आतून ओलसर असताना तापमान भराभर १०० अंश सेल्सिअसपुढे नेले, तर वाफेने त्याच्या ठिकऱ्या उडतात. ५७३ अंशांच्या आसपास मातीतील गारगोटीचे म्हणजे क्वार्ट्‌झचे आकारमान एकदम बदलते. तो टप्पा चढताना आणि उतरताना घाईने ओलांडला की तडे जातात. उत्सुकतेपोटी भट्टी लवकर उघडणे हा नवशिक्यांचा नेहमीचा अपराध! स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी टणक भांडी, १२०० अंशांपुढे भाजून होईपर्यंत माती वाळताना आणि भाजताना मिळून एकूण बारा टक्क्यांच्या आसपास आक्रसते. नऊ सेंटिमीटरचा कप हवा असेल तर ओला कप सव्वादहा सेंटिमीटरचा घडवावा लागतो. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, थंड होताना मातीपेक्षा जास्त आक्रसले, तर त्यावर बारीक जाळी पडते आणि तो कप चहासाठी देता येत नाही.

म्हणून राजीनाम्याआधी वर्षभर तरी दुसऱ्याच्या भट्टीत भाडे देऊन भाजून घ्यावे आणि प्रत्येक भाजणीची नोंद ठेवावी. स्वतःची विजेची भट्टी घेण्यापूर्वी घराचा मंजूर वीजभार तपासावा. मोठ्या भट्टीला बहुधा थ्री-फेज जोडणी लागते.

– एक वाचक, पुणे